घटपर्णीला उदगीरचं स्थळ

भाचीच्या अ‍ॅडमिशनसाठी मी नांदेडला गेले होते. कॉलेजात फीच्या खिडकीसमोर रांग लागलेली. पोरगी रांगेत उभी राहिली आणि मी सावली शोधत शोधत मागच्या बाजूला वनस्पतिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात जाऊन टेकले. तिथं वर तारेला एक कुंडी टांगलेली होती. मला आधी वाटलं, कुणीतरी गंमत म्हणून झाडाला हिरव्या बाटल्या बांधल्यात. उठून जवळ गेले तर बाटल्या झाडालाच लागलेल्या. प्रत्येक पानाच्या टोकातून एक दोरीसारखा देठ निघून खाली लोंबलेला, पुन्हा वर वळलेला, आणि त्या वळणावर हा एवढा लांबोडका घट. तोंडाला गुळगुळीत लालसर काठ, वर पानाचं झाकण. मी आत बोट घालून बघितलं. पाणी होतं.

"घातलंत ना बोट?" मागून आवाज आला. "सगळेच घालतात."

माझ्याच वयाच्या एक बाई उभ्या होत्या. बोटांना खडू लागलेला. त्या तिथल्या शिकवणाऱ्या मॅडम. मी ओशाळून हात पदराला पुसला आणि विचारलं, "हे खरंच किडे खातं का?"

"खातं म्हणजे चावत नाही. काठावर गोड रस असतो. मुंगी चाटायला येते, पाय घसरून आत पडते, आतल्या पाण्यात विरघळते. हे ज्या रानात उगवतं तिथली माती इतकी निकस असते, की दुसरीकडून पोट भरल्याशिवाय भागत नाही."

शाळेत असताना पुस्तकात घटपर्णीचं चित्र होतं, ते मला आठवलं. पण चित्रात ते तांब्याएवढं वाटलं होतं आणि परदेशातलं. मॅडम म्हणाल्या, "ही आपलीच आहे. मेघालयातली. खासियाना म्हणतात हिला. आपल्या देशात रानात उगवणारी ही एकच घटपर्णी. तिथनं उपटून आणायची बंदी आहे, म्हणून माझ्या मैत्रिणीनं एका बागेत वाढवलेलं रोप पाठवलं."

भाचीचं काम व्हायला दुपार झाली. तोवर आम्ही दोघी त्या झाडाखाली बसून होतो. निघताना मॅडमनी कात्री आणली, एक फांदी कापली, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घातली.

"लातूरची हवा कोरडी आहे. घट धरेल याची खात्री नाही," त्या म्हणाल्या. "आणि बोअरचं पाणी घालू नका. नळाचंही नको. क्षार सोसत नाहीत हिला. पावसाचं पाणी साठवून ठेवा."

मी हो म्हटलं. लातूरच्या माणसाला त्यांनी हे किती सहज सांगितलं, असं बसमध्ये बसल्यावर माझ्या मनात आलं.

आमचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीजवळचं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझे वडील बिलोलीच्या तहसिलीत कारकून होते. नव्या जिल्ह्याला माणसं लागत होती, वडिलांनी बदली मागून घेतली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ओला, आणि वडील संध्याकाळी घरी येऊन मोठ्या अभिमानानं सांगायचे, "आज आपल्या जिल्ह्याचं पहिलं कपाट आलं." पुढं मीही जिल्हा कचेरीतच लागले. वडील गेले. लग्न मी केलं नाही, आणि त्यावरून मायनं माझ्याशी जितकं भांडायचं तितकं भांडून झालं. घरात आम्ही दोघीच होतो, त्यात ही तिसरी आली.

"हे काय आणलंस बाई?" मायनं विचारलं.

"किडे खाणारं झाड."

"मग पाल काय वाईट होती?"

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे नारळाच्या भुश्यात आणि शेवाळात फांदी लावली. ती जगली. पानं आली, चकचकीत, लांब. पण पानाच्या टोकाचा देठ बोटभर वाढला की काळा पडून वाळायचा. घट काही धरेना. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "हवेत ओल पाहिजे. घरात सगळ्यात ओलसर जागा कोणती?"

अशी ती न्हाणीघरात गेली. पूर्वेच्या खिडकीच्या गजाला टांगली. माय गरम पाण्यानं अंघोळ करायची, वाफ वर जायची, झाड ती प्यायचं. पुढच्या श्रावणात एका देठाचं टोक वाळायच्या ऐवजी फुगलं. आधी जवाएवढं, मग शेंगेएवढं, मग एके दिवशी करंगळीएवढा बंद घट तिथं लोंबत होता. मी रोज कचेरीला जायच्या आधी बघायचे. झाकण उघडलं तो रविवार होता. आतून ओला, नवा, काठ अजून मऊ. मी मायला ओढत आणलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तोंड उघडलंय. भुकेजलंय ते."

मी हसले आणि विसरून गेले. आठवड्याभरानं न्हाणीघरात असा वास सुटला की आत जाववेना. गटार तुंबलं असेल म्हणून मी सगळी मोरी खरवडली. वास जाईना. शेवटी वर बघितलं तर घट काळा-तपकिरी होऊन मलूल पडलेला. झाकण उचललं, आत सुकट. चांगली ठासून भरलेली, फुगून वर आलेली.

"तू घातलीस?"

"मग?" माय म्हणाली. "मुंग्यांवर काय पोट भरत असतंय कुणाचं?"

मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या हसता हसता खोकायला लागल्या. घट बारीक पोटाचा असतो, एका वेळी एखादी माशी पुरे, जास्त झालं की सडतो, असं त्यांनी सांगितलं. माय माझ्या कानाला कान लावून ऐकत होती. "म्हणजे अपचन," ती म्हणाली आणि त्या दिवसापासून झाडाशी तिचं नातं जुळलं. रोज सकाळी ती खालून वर बघत विचारायची, "काय गं, जेवलीस का?" झाड बाई आहे, हे मायनं मनानंच ठरवलं होतं.

मॅडमनी एकदा मला एक फोन नंबर दिला. म्हणाल्या, "उदगीरचे एक अडत्ये आहेत. आपल्यासारखेच वेडे. त्यांच्याशी बोला."

उदगीरच्या त्या अप्पांची गोष्ट अशी. त्यांचं मोंढ्यात, म्हणजे तिथल्या धान्यबाजारात, अडत दुकान. मुलगा बंगळूरला नोकरीला. त्याच्याकडे गेले असताना अप्पांनी एका नर्सरीत घटपर्णी बघितली, किडे खाते हे ऐकलं आणि दुकानातल्या माश्यांचा आणि धान्यातल्या बारीक पाखरांचा बंदोबस्त होईल म्हणून घेऊन आले. गळ्यात लिंग बांधणारा, कांदा-लसूणसुद्धा बेतानं खाणारा माणूस. बायकोनं, म्हणजे आक्कांनी, दारातच अडवलं. मांसाहारी वस्तू घरात नको म्हणाल्या. अप्पा म्हणाले, "ते खाईल, मी थोडाच खातोय?" तरी झाड घरात गेलं नाही. दुकानामागच्या खोलीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला राहिलं. पाखरं काही कमी झाली नाहीत, पण अप्पा त्यात पुरते गुंतले. बंगळूरच्या प्रत्येक फेरीत एक नवं रोप यायला लागलं.

अप्पांना मी बघितलेलंही नव्हतं, पण मी, मॅडम आणि ते फोनवर तासतास भांडायचो. सगळ्यात देखणी घटपर्णी कोणती, यावर. मॅडमचा जीव अँपुलारियावर. संक्रांतीच्या सुगडासारखे तिचे घट बुटके आणि गोल, जमिनीलगत घोळक्यानं बसलेले. ती किड्यांपेक्षा वरून पडणारा पालापाचोळाच जास्त पचवते. "म्हणजे तुमच्या जातीची," मी अप्पांना म्हणायचे, "शाकाहारी." पण अप्पांना ती आवडायची नाही. त्यांना मोठं हवं. बोर्निओच्या डोंगरातली राजा नावाची एक आहे, तिच्या घटात शेरभर पाणी मावतं, कधीमधी उंदीरही बुडतो. अप्पांनी तिचा फक्त फोटो बघितला होता, पण बोलायचे असं की काल मोंढ्यात भेटली होती.

"ती थंड डोंगरावरची, अप्पा. उदगीरात एक दिवस टिकायची नाही," मॅडम सांगायच्या.

"उदगीर जिल्हा होऊ द्या," अप्पा म्हणायचे. "मग बघू."

उदगीर आमच्या लातूर जिल्ह्यातला तालुका, त्यामुळे हे त्यांचं पालुपद होतं. रस्ता खराब, उदगीर जिल्हा होऊ द्या. रेल्वे उशिरा, जिल्हा होऊ द्या. मी लातूरची, त्यातून जिल्हा कचेरीतली, म्हणून मला जास्तच ऐकवायचे. "तुमचा जिल्हा झाला, आता आमचा अडवू नका." जसं काही फाईल माझ्याच टेबलावर होती.

माझी आवड एकच होती, न्हाणीघरातली. तिच्यात काही थाट नव्हता. पण लातूरच्या हवेत तिनं घट धरला होता, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. पाऊस आधीच्या दोन वर्षांतही रुसलेलाच होता, पण त्या उन्हाळ्यात धरणाचा तळ दिसला आणि लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. नळ केव्हाच बंद. गल्लीत टँकर आला की घागरींचा असा आवाज व्हायचा की झोपलेली लेकरं उठून बसायची. आम्ही दिवसाआड अंघोळ करायला लागलो, तीही परातीत बसून, म्हणजे तेच पाणी पुन्हा फरशीला. न्हाणीघर खडखडीत झालं. माझी पावसाच्या पाण्याची पिंपं माघातच संपली होती. देठांची टोकं पुन्हा काळी पडायला लागली.

टँकरचं पाणी तिला चालणार नव्हतं, आणि चाललं असतं तरी घातलं नसतं. माय म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाई अन् तू झाडाला घालून राहिलीस, असं कुणी म्हणालं तर काय सांगशील?"  मी मॅडमना फोन करून म्हटलं, तुमची फांदी तुम्ही परत घेऊन जा.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या कचेरीत एसी आहे का?"

"साहेबांकडे आहे. आणि बैठकीच्या हॉलला."

"त्याच्या नळीतून जे पाणी गळतं ना, ते हवेतलं असतं. क्षार नसतात त्यात. पिण्याच्या कामाचं नाही, पण झाडाला उत्तम."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीच्या मागच्या बाजूला गेले. हॉलच्या एसीची नळी भिंतीतून बाहेर आलेली होती आणि तिच्याखाली भेगाळलेल्या जमिनीत तळहाताएवढं गवत हिरवं होतं. मी तिथं पाण्याचा कॅन ठेवला. संध्याकाळी बघितलं तर जेमतेम तळ ओला. हवाच इतकी सुकलेली की यंत्रानं तरी कुठून पिळायचं? मी कॅन तिथंच ठेवून घरी आले.

आणि मग टंचाईच्या बैठका सुरू झाल्या. रोज एक, कधी दोन. तालुक्यातालुक्याचे अधिकारी, इंजिनियर, वर्तमानपत्रवाले, पुढारी. हॉलमध्ये बसायला जागा नसायची. शंभरेक माणसं घामेजून बसायची, बोलायची, श्वास सोडायची, आणि त्यांचा घाम नि वाफ यंत्र पिळून त्या नळीतून बाहेर टाकायचं. पहिल्या मोठ्या बैठकीनंतर मी मागं गेले तर कॅन अर्धा भरलेला. मी तिथंच उभी राहून एकटी हसले.

आमचा शिपाई निवृत्तीला आलेला, मिश्किल माणूस. त्यानं मला कॅन नेताना बघितलं, मी त्याला सगळं सांगितलं. त्या दिवसापासून तो येऊन हळूच बातमी द्यायचा, "ताई, उद्या मंत्रीसाहेब हायेत. दोन कॅन लागतील." एकदा बैठक लवकर आटोपली तर बिचारा माझ्याकडे येऊन दिलगिरीनं म्हणाला, "आज कुणी जास्ती बोललंच न्हाई."

बैठकांतून गावाला किती पाणी मिळालं ते माझ्या हातातलं काम नव्हतं. माझ्या झाडाचं मात्र भागलं. धोब्याकडून आलेल्या पारदर्शक पिशव्या जोडून मी तिला मच्छरदाणीसारखं पांघरूण केलं, आत कॅनमधल्या पाण्याची वाटी ठेवली. माय शेजारणींना बोलावून दाखवायची. "सगळ्या अधिकाऱ्यांच्या घामाचं पाणी हाय हे," ती सांगायची, आणि टँकरची वाट बघून कावलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यातली एक तर रोज विचारायला लागली, की आज बैठक झाली का.

चैत्र संपता संपता वेलीच्या शेंड्यातून एक सरळ दांडी वर निघाली. पान नव्हतं, घट नव्हता. दांडीभर बारीक कळ्या. मी फोटो काढून मॅडमना आणि अप्पांना पाठवला. मॅडमचा लगेच फोन. आवाज वेगळाच.

"फुलोरा आहे ताई. पहिला. आता नीट बघा आणि सांगा. कळीच्या मध्ये हिरवा फुगीर भाग आहे, की दांडीवर पिवळा गोळा?"

मी भिंग घेऊन स्टुलावर चढले. "हिरवं फुगीर आहे."

"मग ती मादी. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी असते. फूल आल्याशिवाय कळत नाही."

खालून माय म्हणाली, "मी काय म्हणत होते इतके दिवस?"

मॅडमनी सांगितलं की त्यांचं झाडही मादीच, माझी फांदी तिचीच ना. नर मिळाला तर बी धरेल. इतक्यात अप्पांचा फोन मध्ये वाजायला लागला. त्यांच्याकडच्या झाडांत एक खासियाना होती, बंगळूरची. तिला दोन दिवसांपासून फुलोरा आलेला, आणि त्यावर पिवळे गोळे. दुकानात आलेल्या आक्का वासाला कंटाळून फेकायला निघाल्या होत्या, अप्पांनी माझा फोटो दाखवून त्यांना थांबवलं.

"बाई," अप्पा म्हणाले, "मुलगा उदगीरचा हाय. पसंत हाय का सांगा."

मी म्हटलं, फुलोरा कापून द्या, मी येऊन घेऊन जाते. अप्पांनी ऐकलं नाही. "रीत हाय की न्हाई काही? मुलीकडं मुलाकडच्यांनीच यायचं असतंय. मी अन् आमच्या मंडळी, दोघं येतो."

मायला हे सांगितलं आणि आमच्या घरात गडबड सुरू झाली. माझ्या वेळी या घरात किती पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले होते. दर वेळी माय अशीच चादरी बदलायची. आता पुन्हा बदलल्या. पण जरा वेळानं ती ओट्याशी थांबली.

"लिंगायत मंडळी," ती म्हणाली. "आपल्या घरी जेवतील का गं?"

"बघू की."

"चहा तरी घेतील ना?"

 मला अप्पांचा आवाज माहीत होता, पण फोनवरच्या आवाजावरून माणूस ताटावर कसा वागेल ते कुणी सांगावं? मायनं सुकटीचा डबा माळ्यावर टाकला. सुकटीचं भगुलंही. उरलेली भांडी राखेनं घासून घासून लख्ख केली, पाण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसली.

ते सकाळच्या गाडीनं आले. अप्पा उंच, पांढरं धोतर, डोक्याला टोपी, कपाळाला विभूती. हातात पाण्याचे दोन मोठे कॅन. त्या उन्हाळ्यात लातूरला येणारा शहाणा पाहुणा पाणी घेऊनच यायचा. आक्का ठेंगण्या, कपाळभर कुंकू, आणि त्यांनी दोन्ही हातांत पोटाशी धरलेला स्टीलचा उभा डबा. जिला ते झाड घरात नको होतं ती बाई उदगीरपासून तो डबा मांडीवर घेऊन बसली होती. गाडी आदळली की नवऱ्यावरच ओरडायची, असं अप्पांनी नंतर सांगितलं.

माय दारात म्हणाली, "जयभीम." अप्पा कॅन खाली ठेवून हात जोडून म्हणाले, "शरणु शरणार्थ." आणि दोघंही एकदमच म्हणाली, "या, बसा." अप्पा पाहुणे असून बसा म्हणाले म्हणून आक्का हसल्या, आणि मग घर मोकळं झालं.

मायनं पाणी दिलं. अप्पा गटागट प्याले आणि भांडं पुढं केलं, अजून द्या म्हणून. मायनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

"बरं, मुलगा काय करतो?" मायनं विचारलं. तिनं हा प्रश्न आयुष्यभर ऐकला होता, विचारायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"अडत दुकानात बसून असतो," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "दिवसभर माश्या मारतो."

"मुलगी पण तेच करते," माय म्हणाली. "जमलं मग."

आम्ही सगळे न्हाणीघरात गेलो. चौघं तिथं मावत नव्हतो, म्हणून माय उंबऱ्यात थांबली. मी पिशव्यांचं पांघरूण बाजूला केलं. फुलोऱ्याची खालची फुलं उमललेली, त्यांच्या टोकांवर चिकट चमक होती. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं की अशी चमक असली की वेळ बरोबर आहे. अप्पांनी डबा उघडला. ओल्या फडक्यात उभा केलेला त्यांचा फुलोरा, पिवळ्या ठिपक्यांनी भरलेला. दमट, गोडूस, जरा उबग आणणारा वास सगळीकडे पसरला.

आता एक एक पिवळं फूल तोडून या हिरव्या फुलांवर हलकेच घासायचं होतं. अप्पा स्टुलावर चढले, पण एवढं बारीक फूल त्यांच्या बोटांत ठरेना. पहिलंच फूल बादलीत पडलं. मी चढले, तर चष्म्यावर घाम येऊन मला काही दिसेना.

"उतरा," आक्का म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, बांगड्या मागं सारल्या आणि वर चढल्या. रांगोळीचा हात तो. चिमटीत लवंग धरावी तसं फूल धरलं आणि एका एका हिरव्या टोकाला असं लावलं, की दांडी हललीसुद्धा नाही. वरच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या, त्या सोडून सगळ्यांना झालं. आम्ही तिघं खालून श्वास धरून बघत होतो. शेवटी त्यांनी फुलोऱ्याकडे मान तिरकी करून बघितलं आणि स्वतःशीच कानडीत म्हणाल्या, "छलो अदा."

"म्हणजे?" मायनं विचारलं.

"छान हाय म्हणतेय," अप्पा म्हणाले. "मला आजवर कधी म्हणाली न्हाई."

जेवायला ज्वारीच्या पिठाचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही आणि वांग्याची कोरडी भाजी होती. मायनं ताटं वाढली आणि स्वतः मागं भिंतीला टेकून उभी राहिली. अप्पांनी पहिला घास घेतला, मग दुसरा.  तिसऱ्या धपाट्याला म्हणाले, "माय, अजून एक वाढा. अन् तुम्ही पण बसा आमच्यासंगं. व्याही उभे अन् आम्ही खावं, बरं दिसत न्हाई." आक्कांनी सरकून शेजारी जागा केली. माय बसली. तिचा धपाटा गार होईपर्यंत ती नुसती बघतच होती की कोण किती खातंय.

जाताना आक्का मायला म्हणाल्या, "पोटुशी बाईसारखं जपा आता तिला." माय म्हणाली, "हाव, मला काय सांगता?" जसं काही तिनं कधी सुकट घातलीच नव्हती.

फुलांच्या जागी हिरव्या शेंगा धरल्या, बोटाच्या पेराएवढ्या. उन्हाळा सरला, टँकर विरळ झाले, बैठका पांगल्या. शेंगा तपकिरी होऊन तडकायला लागल्या तेव्हा मी खाली कागद धरून त्या काढल्या. बी म्हणजे नुसते केसाचे तुकडे. फुंकर मारली तर उडून जातील असे. तिघांनी वाटून घेतलं. माझ्याकडच्या बियांवर बुरशी आली आणि सगळं गेलं. अप्पांनी ओलीसाठी ताटली गोणपाटात ठेवली, तर तिथं मुंग्या लागल्या. मुंग्या खाणाऱ्या झाडाचं बी मुंग्यांनी नेलं, हे सांगताना अप्पांना दुःख कमी आणि हसूच जास्त येत होतं. राहिल्या मॅडम. त्यांच्याकडून बरेच दिवस निरोप नाही. आम्ही विचारायचंही टाळत होतो.

मग एक फोटो आला. शेवाळावर हिरवे ठिपके. खाली लिहिलं होतं, "या."

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही नांदेडला गेलो. माय आणि मी लातूरहून, अप्पा-आक्का उदगीरहून. मॅडमनी व्हरांड्यात टेबलावर काचेचं झाकण असलेली ताटली मांडून ठेवली होती आणि शेजारी भिंग. रोपं मोहरीच्या अंकुराएवढी. मॅडम म्हणाल्या, "पानं बघा." मी भिंग लावलं. प्रत्येक पान म्हणजेच एक घट होता. तिळाएवढा, पण पूर्ण. काठ, झाकण, सगळं. जन्मताच तोंड उघडून बसलेले.

आम्ही आळीपाळीनं बघत होतो आणि कुणी भिंग सोडायला तयार नव्हतं. अप्पांनी आक्कांना दाखवलं, आक्कांनी मायला.

"यात मुलगा कोण, मुलगी कोण?" मायनं विचारलं.

"आत्ता नाही कळायचं," मॅडम म्हणाल्या. "फुलं येईपर्यंत बरीच वर्षं जातील."

"असू द्या. घाई कुणाला हाय?" माय म्हणाली आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

रोपं जरा मोठी झाल्यावर मॅडमनी ती वाटून दिली. दोन माझ्याकडे आली, त्यातलं एक टिकलं. अप्पांकडची तिन्ही टिकली आणि ती दुकानात राहिली नाहीत. आक्कांनी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत घेतली. उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही. अप्पा अजून फोन करतात आणि राजाची चौकशी करतात, कुठं बारीकसं रोप मिळेल का म्हणून. मॅडम अजून नाही म्हणतात. मधूनच फोन आक्का घेतात आणि सांगतात की आज खिडकीतल्या एकानं आख्खी गांधीलमाशी धरली, आणि मग मायला फोन द्या म्हणतात. त्या दोघींचं बोलणं सुरू झालं की मी कचेरीला निघून जाते, कारण ते लवकर संपत नाही.